मुंगीची रिकामी डबी

१

मुंगीने खटका दाबला आणि डबीतून काहीच आलं नाही. पाणी गेलेल्या नळातून येतो तसा फुस्स आवाज झाला, तेवढाच. समोरचा माणूस आधी दचकून मागे सरला होता, तो मग हसला. त्याने तिची नमुन्यांची पेटी ओढली, तिने सोडली नाही, म्हणून त्याने तिला जिन्यावरून ढकललं. नऊ पायऱ्या. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं आणि अंगठ्याकडे जाणारी नस दुखावली.

आमच्या प्रयोगशाळेतल्या मुली सकाळी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेतात. हिची सुई टोचली तर मुंगी चावल्याइतकंच कळतं, म्हणून पेशंटांनीच तिचं नाव मुंगी ठेवलं. आता तिच्या अंगठ्यात पेन धरायची ताकद नाही. ती परत येईल का, असं विचारलं की डॉक्टर "बघू" म्हणतात. डॉक्टरांच्या "बघू"चा अर्थ आमच्या धंद्यात सगळ्यांना कळतो.

मी इथली सुरक्षा अधिकारी. मिरचीच्या फवाऱ्याच्या डब्या मीच निवडल्या, वापरायला मीच शिकवल्या, आणि आता चौकशीही मीच करायची होती. म्हणजे माझ्या चुकीवर पांघरूण घालायचं असतं, तर त्यासाठी लागणारी सगळी पांघरुणं माझ्याच ताब्यात होती.

ढकलणारा सापडला नाही. पोलिसांनी सगळं लिहून घेतलं आणि ते लिहिलेलंच राहिलं. मुंगीच्या वडिलांनी मात्र कंपनीकडे लेखी तक्रार केली, माझ्या मुलीला रिकामी डबी दिली म्हणून. साहेबांनी त्यावर फारसा विचार केला नाही. डब्या कोठीतून जातात, कोठी कुलूपकाकांच्या ताब्यात, विषय संपला.

"शुक्रवारी पाचला अहवाल द्या," साहेब म्हणाले. "तक्रारदाराला वाचून दाखवायचा, काकांना कमी करायचं, आणि पुढच्या कामाला लागायचं."

"आणि अहवालात दुसरंच काही निघालं तर?"

"काय निघणार बाई? डबी काय आपोआप रिकामी होते?"

तो बुधवार होता. साहेबांनी काकांचं निरोपाचं पत्र आधीच टाइप करून ठेवलं होतं, फक्त तारीख घालायची बाकी होती.

२

कुलूपकाका बावीस वर्षं कोठीत आहेत. चहाला खाली गेले तरी कुलूप लावून जातात आणि दोन पायऱ्या उतरून परत येऊन ते ओढून बघतात. त्या दिवशी कोठी उघडी होती आणि काका आत नुसते बसले होते.

"घरी अजून सांगितलेलं नाही मॅडम," ते म्हणाले. "दोन वर्षं राहिलीत माझी. या वयात कुलपं लावायला मला कोण ठेवून घेणार?"

"काका, आधी डब्या काढा."

मी हातमोजे चढवले. या डब्यांना मी उघड्या हाताने कधी शिवत नाही. तोंडाशी उरलेला थेंब बोटाला लागतो, बोट डोळ्याला लागतं, आणि मग तास-दीड तास गार पाण्याच्या नळाखाली जातो. शिकवताना मी हे दहादा सांगते. डबी पर्सच्या तळाशी नको, हातात हवी. अंगठा खटक्यावर. वारा आपल्या तोंडावर येत नाही ना ते बघा. फवारा मारला की तिथं थांबून बघत बसू नका, पळा. आणि डोळ्यात गेलंच तर चोळू नका, धुवा.

काट्यावर एकेक डबी ठेवली. एक्केचाळीस डब्या, प्रत्येकी चौऱ्याऐंशी ग्रॅम. मग पिशवीतून मुंगीची काढली. पन्नास ग्रॅम. पन्नास ग्रॅम म्हणजे नुसता पत्रा.

"माझ्याकडनं गेली तेव्हा भरलेली होती," काका म्हणाले. "बूड बघा."

बुडावर कागदाची चिकटपट्टी होती. त्यावर काकांच्या कोरीव अक्षरात ८४ आणि तारीख. त्यांनी प्रत्येक डबी देताना वजन करून पट्टी लावली होती. त्यांना तसं कोणी सांगितलेलं नव्हतं.

"साहेब म्हणतील, पट्टी काय, नंतरही चिकटवता येते," मी म्हणाले.

"साहेब म्हणालेच तसं."

डबीच्या तोंडाभोवती तपकिरी खवले धरले होते, थरावर थर. मी ते पाहिलं, वहीत लिहिलंही, पण त्याचा अर्थ लावायचं डोकं त्या वेळी चाललं नाही. सहा वर्षं सुरक्षा अधिकारी असण्याचा हा तोटा. सगळं आपल्याला माहीतच आहे असं वाटायला लागतं.

"एक विचारू?" काका म्हणाले. "डबी माझ्याकडनं भरलेली गेली. जिन्यात ती रिकामी निघाली. मधल्या चार आठवड्यांत ती मुंगीच्या हातात होती, नाहीतर तिच्या कपाटात. आणि मॅडम, त्या कपाटाचं कुलूप महिनाभर बिघडलेलं आहे. शेजारच्या कपाटवालीला ते माहीत होतं."

३

शेजारचं कपाट फटाकडीचं. कामाला चोख, तोंडाला फटकळ. जवळच्या इमारतींचा भाग मुंगीला मिळाला आणि हिला लांबचा, यावरून घटनेच्या आठवडाभर आधी दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. "एक दिवस तुझी चांगली जिरेल," असं ही सगळ्यांसमोर म्हणाली होती.

"म्हणाले होते," फटाकडीने ताडकन कबूल केलं. "आणि अजून दहा जणींना म्हटलंय. त्या सगळ्या पडल्या की मलाच धरणार का?"

"त्या सकाळी पावणेसात ते साडेसात तू कपाटांच्या खोलीत होतीस. डबीही तिथंच होती."

"होते. आम्ही आठ जणी होतो. हजेरी, पेट्या भरणं, सगळं तिथंच चालतं."

मी दोन्ही कपाटं उघडून, आत हात घालून चाचपली. पत्रा स्वच्छ होता, डाग नाही की वास नाही. फटाकडी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"मॅडम, तुम्हीच शिकवलंत ना? बंद खोलीत मारलं तर मारणाराही वाचत नाही म्हणून. म्हणून तर धुक्यासारखा पसरणारा फवारा नको, सरळ धारेचा घेऊ, असं तुम्ही म्हणालात. जिने बंद असतात म्हणून."

"हो."

"मग या खोलीला एक तरी खिडकी दिसते का तुम्हाला? अख्खी डबी इथं मारली असती तर आम्ही आठही जणी ठसकून बाहेर पळालो असतो. त्या दिवशी इथं कोणाला साधी शिंकसुद्धा आली नाही. विचारा."

मी विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. स्वच्छतागृहालाही खिडकी नव्हती, आणि जिन्यात पहारेकरी बसलेला. डबी इमारतीत रिकामी झाली असती तर लपणं शक्यच नव्हतं.

फटाकडी मागे वळली, मग थांबली. "तिचा अंगठा कसाय?" तिने विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. तशी ती कपाटाकडे तोंड करून उभी राहिली, आणि मी तिथून निघाले.

४

गुरुवारी दुपारी मी मुंगीच्या घरी गेले. जिन्यात वरच्या मजल्यावरच्या मावशी भेटल्या. चौकशीला आलेय म्हटल्यावर त्यांनी मला खांबाला टेकून उभं केलं आणि आधी स्वतःच्या तब्येतीचा अहवाल दिला. महिनाभर रोज सकाळी खोकल्याची उबळ यायची, औषधं झाली, तपासण्या झाल्या. गेले दहा-बारा दिवस मात्र एकदम बरं आहे. "पोरीचं असं झालं आणि मला बरं वाटतंय, सांगायचीसुद्धा लाज वाटते बघा," त्या म्हणाल्या.

दार वडिलांनी उघडलं. पासष्टीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हात काटक. चौतीस वर्षं बस डेपोत ब्रेक तपासायचं काम केलेलं. घरात बापलेक दोघंच, आई जाऊन नऊ वर्षं झालेली. मुंगी प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसली होती आणि बाबा तिला चमच्याने भरवत होते. तिचा डावा हात धड होता, तरी भरवत होते. तीही लहान मुलीसारखी तोंड उघडत होती.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकून उभी राहिले. दुसरी जागाच नव्हती.

"डेपोत माझी पद्धत एकच," बाबा सांगत होते. "स्वतः दाबून बघितल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर सोडायची नाही. ड्रायव्हर म्हणायचे, कालच तर बघितलात. काल गेला, आज आज आहे. चौतीस वर्षांत माझ्या हातची एकही गाडी ब्रेक लागला नाही म्हणून ठोकली नाही."

"आणि घरी?"

"घरी काय वेगळं? ही निघताना छत्री, बूट, फोन, सगळं बघायचो. आधी तुमच्या ऑफिसने ती शिट्टी दिली होती ना, ती रोज वाजवून द्यायचो. शेजारी शिव्या घालायचे."

मुंगी तोंड मिटून बसली. पुढचा चमचा तसाच थांबला.

"म्हणूनच मी ठामपणे सांगतो," बाबा माझ्याकडे वळले. "त्या सकाळी सव्वासहाला डबी चालू होती. मी स्वतः तपासली. तिला म्हटलं, ठीक आहे, जा. पावणेनऊला ती रिकामी. म्हणजे मधल्या अडीच तासांत रिकामी झाली, आणि रस्त्यात ती हिच्या मुठीतच असते, तेव्हा तुमच्या इमारतीत झाली. कोणी केली ते तुम्ही शोधा. मला त्या माणसाला एकदा समोर बसवून विचारायचंय, की तुझ्या घरात मुलगी आहे का?"

मी मुंगीकडे पाहिलं. "तुला काय वाटतं?"

"मला काही आठवत नाही," ती म्हणाली. हे ती बाबांकडे बघत म्हणाली.

मी वही मिटली. फटाकडीचं खरं धरलं तर डबी ऑफिसात रिकामी होऊ शकत नव्हती. बाबांचं खरं धरलं तर ती दुसरीकडे कुठं होऊच शकत नव्हती. आणि दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नव्हतं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

५

बसमध्ये मी डोळा चोळला आणि किंचाळायचीच बाकी राहिले.

ही आग मी ओळखते. पुढच्या थांब्यावर उतरून एका दुकानाबाहेरच्या नळाखाली तोंड धरलं. लोक बघत होते. पाणी डोळ्यावर पडत होतं आणि डोकं एकदाचं चालायला लागलं. कोठीत मी हातमोजे घातले होते. कपाटं चाचपली ती काल, आणि ती स्वच्छ होती. आज मी हात टेकला होता एकाच जागी, मुंगीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत.

वरच्या मावशींचा खोकला महिनाभर होता, रोज सकाळी, आणि मुंगी पडली त्या दिवसापासून थांबला. डबीच्या तोंडाशी थरावर थर होते. एकदाच मारलेल्या फवाऱ्याने तसे बसत नाहीत. आणि शिट्टी रोज वाजवून दिली जायची. बाबा "तपासली" म्हणाले तेव्हा मी तारीख वाचणारा, खटक्याचं झाकण बघणारा माणूस डोळ्यांसमोर आणला होता. पण ब्रेक तपासणारा वाचून तपासत नाही, तो दाबून बघतो.

ब्रेक रोज दाबला म्हणून संपत नाही. शिट्टी रोज वाजवली म्हणून संपत नाही. या डबीत अर्ध्या सेकंदाचे जेमतेम चोवीस-पंचवीस फवारे असतात. रविवार सोडून चार आठवडे, म्हणजे चोवीस सकाळी.

आणि दाबून बघू नका, हे मी डब्यांसोबत वाटलेल्या सूचनांच्या पत्रकात कुठंच नव्हतं. वारा, अंतर, गार पाणी, सगळं होतं. हेच नव्हतं. कोण कशाला दाबून बघेल, असं मला वाटलं होतं.

शुक्रवारी सकाळी मी मुंगीला दवाखान्यात, व्यायामाच्या खोलीत गाठलं. बाबा बाहेर बाकावर बसले होते. ती रबरी चेंडू दाबायचा प्रयत्न करत होती आणि अंगठा हलत नव्हता.

"तुला माहीत आहे," मी म्हणाले.

तिने दाराकडे पाहिलं. "हळू बोला."

"तू त्यांना थांबवलं का नाहीस? तुला तर मी शिकवलं होतं."

"टिचभर मारायचे मॅडम, खिडकीबाहेर. तेवढ्याने काय होतंय, असं वाटायचं. आणि मारल्यावर त्यांचा चेहरा असा सैल व्हायचा. आई गेल्यापासून मी बाहेर पडले की घरी येईपर्यंत ते खिडकीत उभे असतात. डबी आल्यापासून खिडकीत उभं राहणं बंद झालं होतं. ते सोडून मी काय बघणार होते?"

"कुलूपकाकांना आज काढतायत."

चेंडू तिच्या हातातून पडला. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. 

"मग माझं नाव लिहा," ती म्हणाली. "मीच रोज दाबून बघायचे, माझाच निष्काळजीपणा. काका सुटतील. बाबांना कळता कामा नये, मॅडम. माझा हात जाईल तर जाईल, पण हे कळलं तर ते जगायचे नाहीत. पाया पडते तुमच्या."

मी लिहिते म्हणाले. दुसरं काय करणार होते? खरं लिहिलं तर एक म्हातारा मोडणार होता, न लिहिलं तर दुसरा. तिच्या खोट्यात निदान दोघंही उभे राहत होते. चौकशीबाई म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी निकाल आधी ठरवला आणि अहवाल मागून लिहिला.

६

पाच वाजता साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. साहेब, कुलूपकाका, मुंगीचे बाबा आणि मी. निरोपाचं पत्र टेबलावर पालथं ठेवलेलं होतं. मुंगी घरी होती.

मी वाचायला सुरुवात केली. डबी कोठीतून पूर्ण भरलेली गेली होती. कार्यालयात तिच्याशी कोणीही छेडछाड केलेली नाही. कुलूपकाकांनी डोळे मिटले.

"संबंधित कर्मचारी," मी वाचलं, "घरातून निघताना रोज डबी स्वतः दाबून पाहत असे. प्रत्येक वेळी थोडा फवारा खर्च होऊन चार आठवड्यांत डबी रिकामी झाली. यात अन्य कोणाचाही दोष आढळत नाही."

"चला, सुटलो," साहेब म्हणाले. "पोरीचीच चूक म्हणजे."

 बाबांनी हात पुढे केला, मी कागद दिला. त्यांनी तो सावकाश वाचला, ओठ हलवत, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते, आणि टाळतेय हे त्यांनी पाहिलं.

"ही नाही दाबायची," ते म्हणाले.

"बाबा, तिनेच सांगितलंय तसं," मी म्हणाले.

"ही बूट घालत असायची. डबी मी दाबायचो. दाबून तिच्या हातात द्यायचो." त्यांचा आवाज एकदम साधा होता, डेपोत कोणाला तरी काम समजावून सांगावं तसा. "पेन द्या."

कुलूपकाकांनी खिशातलं पेन काढलं आणि ते देऊ की नको अशा पद्धतीने धरून ठेवलं. बाबांनी ते त्यांच्या हातातून घेतलं. 'संबंधित कर्मचारी' या शब्दांवर काट मारली, वर लिहिलं, 'वडील'. शेजारी सही केली. मग काकांकडे पाहून हात जोडले. काका उठून उभे राहिले, पण त्यांना काय करावं ते कळेना, म्हणून तसेच उभे राहिले. साहेबांनी पालथं पत्र खणात सरकवलं.

"त्या दिवशी सकाळी मारला तो," बाबांनी मला विचारलं, "तो शेवटचा होता?"

खोटं बोलायला मी तोंड उघडलं होतं. त्यांच्यासमोर ते जमलं नाही.

"हो."

"म्हणजे मी मारला नसता तर तिला एक मिळाला असता."

 एका फवाऱ्याने तो माणूस थांबला असता की नाही, हे मला माहीत नव्हतं. पण असता असंही वाटत होतं, आणि ते माझ्या तोंडावर दिसत असणार.

बाबा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागले आणि अर्ध्यातच परत बसले. मी पाणी पुढे केलं, त्यांनी ते घेतलं नाही.

"तिला कधी कळलं हे?" त्यांनी विचारलं. "तुम्ही सांगितलंत तेव्हा?"

"नाही."

"मग?"

"जिन्यात," मी म्हणाले. "खटका दाबला तेव्हाच."

त्यांनी मान हलवली. मग बोटांवर दिवस मोजायला लागले, तिला भरवलेले दिवस, आणि तेराव्यावर थांबले.